वाचकांचे प्रश्न : ट्यूडर तारखांचा घोळ

प्रश्न : इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा इतिहास वाचणाऱ्यांच्या ठाण्यातल्या एका मंडळात मी नवीनच जाऊ लागले आहे. गेल्या बैठकीत आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉन हिचा मृत्यू मी १५३५ सालचा सांगितला, कारण जुन्या नोंदीत तसंच होतं. बाकीचे १५३६ म्हणाले. कोण बरोबर? पुढच्या बैठकीची तयारी कशी करू?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही बरोबर. इंग्लंडात तेव्हा साल बदलायचं २५ मार्चला, आणि ही रीत १७५२ पर्यंत टिकली. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या अस्सल कागदावर आजच्यापेक्षा एक साल कमी दिसतं. एलिझाबेथ राणी २४ मार्चला गेली. आपल्या लेखी १६०३, तिच्या कारकुनांच्या लेखी १६०२ चा शेवटचा दिवस.

मराठी वाचकाला हे जड जाऊ नये. शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३. शकात नेहमीसारखे ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण फाल्गुनात इंग्रजी साल उलटलेलं असतं, म्हणून ७९ मिळवून १६३०. तसंच इथे जानेवारी ते २४ मार्चच्या कागदाला १ मिळवा. मात्र आजच्या छापील पुस्तकांत ही दुरुस्ती बहुतेक झालेलीच असते. तिथे पुन्हा १ मिळवलात तर नवी चूक होईल. वहीत ‘७ जानेवारी १५३५/३६’ असं दुहेरी लिहा, म्हणजे शंका उरत नाही.

एका सालाने बिघडतं ते असं. कॅथरिन १५३५ च्या जानेवारीत गेली असं धरलं, तर हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन हिच्या शिरच्छेदापर्यंत सोळा महिने जातात. खरं अंतर चार महिने बारा दिवसांचं आहे. कॅथरिन जिवंत असेपर्यंत हेन्रीने ॲनला सोडणं म्हणजे कॅथरिनला परत घेण्याचा दबाव ओढवून घेणं होतं. तो अडसर गेला आणि ॲनचा आधारही गेला. अंतर चुकलं की हा धागाच हाताला लागत नाही.

काही कागदांवर राज्यवर्ष, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजलेलं वर्ष, असतं, आपल्या राज्याभिषेक शकासारखं. आठव्या हेन्रीचं वर्ष २२ एप्रिल १५०९ पासून मोजतात. १५०८ मध्ये वर्षाचा आकडा मिळवा. दिवस १ जानेवारी ते २१ एप्रिलमधला असेल तर आणखी १. ‘वर्ष २७, ७ जानेवारी’ म्हणजे १५३६. युरोपातल्या नव्या दिनदर्शिकेमुळे येणारा दहा दिवसांचा फरक ऑक्टोबर १५८२ नंतरचा, त्यामुळे हेन्रीसाठी तो विसरा. स्पॅनिश आरमाराशी झालेल्या लढाईला मात्र तो लागतो : ग्रेव्हलाइन्सची लढाई इंग्रजी कागदांत २९ जुलै १५८८, स्पॅनिश कागदांत ८ ऑगस्ट.

तयारीसाठी हेन्रीच्या सहाही राण्या एकदम घेऊ नका. फक्त मे १५३६ घ्या. वहीच्या पानावर चार रकाने आखा : दिवस, घटना, कोणी लिहिलं, कधी लिहिलं. २ मे ॲनला अटक, १५ मे खटला, १७ मे तिच्यासोबत आरोप ठेवलेल्या पाच पुरुषांचा वध, १९ मे तिचा, ३० मे हेन्रीचं जेन सीमोरशी लग्न. शेवटचे दोन रकाने भरताना खरा अभ्यास होतो. पवित्र रोमन सम्राटाचा वकील, म्हणजे राजदूत, शापुई त्याच दिवसांत लंडनहून पत्रं लिहीत होता, म्हणून तो मोलाचा. पण तो कॅथरिनच्या बाजूचा, ॲनला राणी न मानणारा. ॲनच्या सहा बोटांची गोष्ट निकोलस सँडरच्या १५८५ मध्ये छापलेल्या पुस्तकातली, तिच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी आलेली. आपल्याकडे समकालीन पत्र आणि उशिराची बखर यांत जो भेद करतो, तोच इथे करा. हे दोन रकाने रिकामे असतील तर ती गोष्ट बैठकीत ठामपणे मांडू नका.

नावांपुढे पद आणि साल लिहा. ‘नॉरफोक’ ही पदवी १५२४ पर्यंत बापाची, पुढे मुलाची, आणि दोघेही थॉमस हॉवर्ड. जेनचा भाऊ एडवर्ड सीमोर १५३७ पासून हर्टफर्ड, १५४७ पासून सॉमरसेट, माणूस एकच.

प्रश्न : आठव्या हेन्रीच्या काळातल्या कागदांच्या ‘लेटर्स अँड पेपर्स’ या छापील संग्रहाचे संदर्भ दिलेल्या पानावर सापडत नाहीत.
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : तो आकडा बहुधा पानाचा नसून नोंदीचा आहे. खंड आणि नोंदक्रमांक पाहा. जानेवारी ते जून १५३६ साठी दहावा खंड. तिथे बहुतेक पत्रांचे सारांश आहेत, म्हणून त्यातला शब्द पत्रलेखकाचा म्हणून अवतरणात घालू नका.