मान फिरवल्यावर

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

रविवारी आपण बस्टर कीटनचा १९२२ सालचा ‘कॉप्स’ हा मूकपट पाहिला आणि तो संपताच तू विचारलेस, “तिने नुसती मान फिरवली म्हणून त्याने दार उघडले? आजी फोनवर गप्प झाली की तूही असेच करतेस. मराठी घरांत असेच करायचे असते का?” प्रश्न जिव्हारी लागला, म्हणून लिहून उत्तर देते आहे.

पाठलाग करणाऱ्या शहरभरच्या पोलिसांना त्यांच्याच ठाण्यात शिरायला लावून चित्रपटाचा नायक पोलिसाच्या गणवेशात एकटाच बाहेर येतो, दाराला कुलूप लावतो आणि किल्ली कचऱ्यात टाकतो. खरे तर तो सुटलेला असतो. पण मोठा व्यावसायिक झाल्याखेरीज लग्न करणार नाही असे बजावणारी महापौरांची मुलगी नापसंती दाखवून निघून जाते, तेव्हा तीच किल्ली काढून तो दार उघडतो आणि आतले हात त्याला ओढून घेतात. अखेरीस दिसते ते थडगे आणि त्यावर त्याची टोपी.

कॉलेजात असताना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी हा शेवट प्रथम पाहिला, तेव्हा मला सुमाआत्या आठवली. आपल्या घरात कोणी आवाज चढवत नसे. आजी रागावली की ताट नेहमीसारखे वाढायची, मात्र “आणखी वाढू का?” असे विचारायची नाही, तेवढ्यावरून आत्याने नाटकाच्या तालमी सोडल्या आणि पुढे कोणी तो विषयही काढला नाही. ते मला आजही योग्य वाटत नाही. तरीही मी परदेशी जाणार म्हटल्यावर अबोला धरलेली तीच आजी, जायची वेळ जवळ आली तेव्हा आपण होऊन माझ्यासाठी थालीपिठाची भाजणी भाजायला बसली होती. चित्रपटातली मुलगी मागे वळत नाही. आजी वळते, फक्त तिला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मला धीर धरवत नाही, कारण लहानपणी त्या शांततेची मला फार भीती वाटे.

दिवाळीला न येण्याचा तुझा निर्णय तू बदलावास असे माझे म्हणणे नाही. तो आजीला तू स्वतः सांग, आणि ती गप्प झाली तर लगेच फोन ठेवू नकोस.

तुझी आई