तुमचे प्रश्न: रोम परत जोडणारा ऑरेलियन

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. मुलगा कॉम्पिटिटिव्ह एक्झामची तयारी करतोय, त्याच्या पुस्तकात ऑरेलियन आला, म्हणे तुकडे झालेलं रोम त्याने पाच वर्षांत परत एक केलं. मी म्हटलं हे तर आपल्या महादजींसारखंच की, पानिपतानंतर सगळं विस्कटलं आणि दहा वर्षांत दिल्ली परत हातात. तर मुलगा म्हणतो त्याने डेशिया नावाचा अख्खा प्रांत स्वतःहून सोडला, आणि शेवटी त्याच्याच लोकांनी त्याला मारलं. मग हा जोडणारा कसला?

उत्तर: ताई, महादजी आठवले ते बरोबरच, फक्त महादजींनी बादशहाला गादीवर आणून बसवलं आणि ऑरेलियन स्वतःच रोमचा बादशहा होता, साध्या शिपाईगिरीतून वर आलेला.

इसवी सन 270 मध्ये तो गादीवर आला तेव्हा पश्चिमेला गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा भाग, आणि ब्रिटन दहा वर्षांपासून वेगळे झालेले, पूर्वेला सीरियातल्या पाल्मिरा शहराची राणी झेनोबिया, आणि तिने इजिप्तपण घेतलं, म्हणजे रोमच्या भाकरीचा गहूच तिच्या हातात. त्यात जर्मन टोळ्या थेट इटलीत, प्लासेंटियाजवळ खुद्द ऑरेलियन हरला, म्हणून तर रोमभोवती 19 किलोमीटरची भिंत बांधायला घेतली, तिचा बराच भाग आजही उभा आहे. 272 ला झेनोबियाला हरवलं, 274 ला वेगळ्या झालेल्या गॉलचा राजा टेट्रिकस शरण आला, आणि नाण्यांवर ‘जगाला परत उभं करणारा’ असा किताब झळकला. ती नाणीसुद्धा त्यानेच सुधारली, आधी त्यात चांदी नावालाच उरली होती.

आता डेशिया, म्हणजे आजचा रोमानिया. तो डॅन्यूब नदीच्या पलीकडे, सांभाळायला फौज खूप लागायची आणि तीच फौज दुसरीकडे हवी होती, म्हणून माणसं नदीच्या अलीकडे आणली. गंमत म्हणजे अलीकडच्या नव्या प्रांताचं नावही डेशियाच ठेवलं, नाक राहिलं पाहिजे ना! माझ्या मते हे सोडलं म्हणूनच बाकीचं जोडता आलं.

खुनाचं म्हणाल तर मला त्याचा स्वभावच नडला असं वाटतं. परक्यांना तो माफ करायचा, टेट्रिकसला मिरवणुकीत फिरवलं आणि नंतर इटलीतच मोठी नोकरी दिली! पण स्वतःच्या हाताखालच्यांना शिक्षा कडक. 275 मध्ये त्याच्या एका चिटणीसाला शिक्षेची भीती वाटली, त्याने बादशहाच्या अक्षरात खोटी यादी बनवली, या या अधिकाऱ्यांना मारायचं म्हणून, आणि ती त्या अधिकाऱ्यांनाच दाखवली. बादशहाचा हात केव्हाही तलवारीवर जातो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे पटकन खरं वाटलं. थ्रेसमध्ये, म्हणजे आजच्या बल्गेरिया-तुर्कस्तानकडच्या भागात, पर्शियावर निघालेला असताना, त्यांनीच त्याला संपवलं.

आणि मुलाला सांगा, डायोक्लेशियनशी गल्लत करू नको, तो 284 ला आला, चार राजांची व्यवस्था त्याची.