बी.कॉम. सोडून थेट स्टुडिओत?

प्रश्न : मी डिचोलीची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ए२४ या अमेरिकन स्टुडिओचे सिनेमे पाहिल्यापासून वाटतं, दिग्दर्शकाला मनासारखं करू देणाऱ्या अशाच स्टुडिओत काम करावं. कॉलेज सोडून मुंबईत सहा महिन्यांचा दिग्दर्शनाचा कोर्स करायचा आहे, फी साडेतीन लाख. बाबा म्हणतात, आधी पदवी. बी.कॉम. रटाळ वाटतं. गावच्या जत्रेतल्या नाटकाला पार्श्वसंगीत देते, तेवढाच अनुभव.

उत्तर : स्टुडिओत काम करणं वेगळं आणि सिनेमावर काम करणं वेगळं. तुझ्या पत्रात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. आवडत्या सिनेमाची शेवटची नामावली एकदा थांबवत थांबवत वाच. कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा फोकस पुलर, दांड्यावरचा माइक धरणारा बूम ऑपरेटर, मेकअप, कला विभाग : ही माणसं बहुतेक त्या एका सिनेमापुरती घेतलेली असतात. पॅक-अप झालं की पुढचं काम त्यांचं त्यांनी शोधायचं. स्टुडिओच्या पगारावर असतात ते सिनेमे निवडणारे, हक्क विकत घेणारे, करार करणारे, प्रसिद्धी बघणारे आणि हिशेब ठेवणारे.

ए२४ २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली ती वितरण कंपनी म्हणून. तिघे संस्थापक अर्थपुरवठा, वितरण आणि निर्मिती या बाजूंनी आलेले. त्यांनी स्वतः निर्माण केलेला पहिला सिनेमा ‘मूनलाइट’, त्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सिनेमा कमी खर्चाचा असला की दिग्दर्शकाच्या डोक्यावर बसायला माणसंही कमी असतात, आणि तो पडला तरी कंपनी बुडत नाही. तुला भावलेलं ते स्वातंत्र्य आधी कुणीतरी आकडेमोड करून परवडवलेलं असतं. तेव्हा बी.कॉम.ला इतकी नावं ठेवू नकोस. कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, कळणारा निर्माता दिग्दर्शकाला किती उपयोगी पडतो ते सेटवर गेलीस की कळेल.

आता दुसरी बाजू. ‘मूनलाइट’च्या दिग्दर्शकाचा, बॅरी जेन्किन्सचा, आधीचा सिनेमा २००८चा. मधल्या आठ वर्षांत त्यांनी सुतारकाम केलं, जाहिरातींची कंपनी काढली. दिग्दर्शकाला मोकळीक देणारे स्टुडिओ त्याच्या हातात काहीतरी तयार असतं तेव्हा भेटतात, घडवायला घेत नाहीत. आणि सिनेमा स्टुडिओशिवायही उभा राहतो. आपल्याकडचं उदाहरण हवं तर ‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा : त्याचे निर्माते विवेक गोम्बर त्या सिनेमात वकिलाच्या भूमिकेत आहेत. आणि लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पल्तडचो मुनिस’ या कोंकणी सिनेमाला पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा होता. २००९ मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

खरं सांगू? पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तू शेवटी ‘तेवढाच अनुभव’ म्हणून उरकलं आहेस. नटाने वाक्य गाळलं की संगीताची जागा तिथल्या तिथे बदलायची, मंडपातल्या गलक्यात आवाज कुठवर पोचतो याचा अंदाज घ्यायचा, हे तू करतेस. सेटवर शॉट संपला तरी साउंड रेकॉर्डिस्ट सगळ्यांना अर्धा-एक मिनिट हलू देत नाही. त्या रिकाम्या खोलीचा नुसता आवाज टिपून घेतो. पंख्याची घरघर, लांबची वर्दळ. एडिटिंगमध्ये दोन संवादांमधली फट त्यानेच बुजते. असलं काम करताना तुला कंटाळा येईल असं वाटत नाही. एक अडचण मात्र आहे : पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या ध्वनी अभ्यासक्रमाला बारावीला भौतिकशास्त्र लागतं, आणि तू कॉमर्सची. तो रस्ता हवा असेल तर कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागेल. तिथे दिग्दर्शन आणि संकलनाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी हवीच. नियम यंदाच्या माहितीपत्रकात तपासून घे. बाबांचं म्हणणं इथे बरोबर आहे, कारण त्यांचं वेगळं असेल तरी.

मुंबईच्या कोर्सचे पैसे भरण्याआधी फोन करून विचार : एका कॅमेऱ्यामागे किती मुलं, आणि मागच्या बॅचमधल्या कुणाचं नाव कुठल्या सिनेमाच्या नामावलीत आहे? उत्तर गोलमोल आलं तर फोन ठेव. साडेतीन लाखांत तुझा लघुपट होतो, वर पैसे उरतात.

मुंबई गाठायची घाई कशाला? इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीला भरतो. एनएफडीसीचा फिल्म बाजार २००७ पासून गोव्यातच असतो, तिथे निर्माते पैसा आणि भागीदार शोधत येतात. वर्षभर गोव्यात जाहिराती आणि सिनेमांचं चित्रीकरण चालू असतं. परवानग्या, गाड्या, जेवण, पंचायतीशी बोलणं हे सगळं इथल्या लाइन प्रोड्यूसरांकडे असतं आणि त्यांना कोंकणी-मराठी येणारी, हिशेब चोख ठेवणारी मुलं हवी असतात. सुट्टीत अशा एखाद्याकडे प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून जा. पहिल्या दिवशी कॉल शीट हातात पडेल : कुणी किती वाजता कुठे पोचायचं, कोणता सीन, सोबत काय आणायचं. ती जपून ठेव. महोत्सवाच्या तात्पुरत्या कामांची चौकशी चतुर्थी आटोपली की सुरू कर. फक्त हो म्हणण्याआधी सेमिस्टरच्या परीक्षेच्या तारखा बघून घे, महोत्सव नोव्हेंबरात असतो.