वाचकांचे प्रश्न : घोड्यांच्या ट्रॅकला वाळू की सिंथेटिक?

प्रश्न : वाघोडियाजवळच्या आमच्या शेतावर पाच घोडे आहेत. त्यांच्यासाठी ३०० मीटर लांब, ४ मीटर रुंद ट्रॅक करायचा आहे. अमेरिकेत सिंथेटिक ट्रॅकवर घोडे कमी दगावतात, असं वाचलं. इथेही तोच करावा का? – एक वाचक, बडोदे

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. तिथल्या जॉकी क्लब या घोडेशर्यतींच्या संस्थेच्या २००९ पासूनच्या नोंदींत शर्यतीतले जीवघेणे अपघात मातीवर जास्त, सिंथेटिकवर कमी दिसतात. तरीही तिथल्या सँटा अनिटा रेसकोर्सने २०१० मध्ये आणि कीनलँड रेसकोर्सने २०१४ मध्ये सिंथेटिक काढून पुन्हा माती घातली. सँटा अनिटाला तर पाण्याचा निचरा नडला होता.

तुम्हाला ऊन नडेल. सिंथेटिक म्हणजे मेण चढवलेली सिलिका वाळू, त्यात कृत्रिम धागे, कधी रबर. उन्हात मेण मऊ पडतं. सकाळचा ट्रॅक दुपारी वेगळाच लागतो. बडोद्याच्या मे महिन्यात हे रोजचंच होईल. म्हणून आमचं मत वाळूला.

मात्र पैसा आधी तळात घाला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा कुठलाही थर उखडते. ती दीड फूट काढून मुरूम थराथराने दाबून भरा. त्यावर खडी, मग जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण थर मिसळू न देणारं कापड. एका बाजूला १ ते २ टक्के उतार हवाच. वर ८ सेंमी धुतलेली वाळू, म्हणजे ९६ घनमीटर, सुमारे ३४ ब्रास. ओरसंग नदीची जाड वाळू मिळाली तर भिंगातून बघून घ्या : कोनदार कण एकमेकांत अडकतात, गोल कण खुराखालून सरकतात. थर फार जाड झाला तर कंडरा ताणल्या जातात. पातळ झाला तर नळीच्या हाडाला हादरे बसतात.

ओलावा ८ ते १० टक्के राखा. वाळू दीडशे टन भरते, तेव्हा ओलावा एका टक्क्याने वाढवायला दीड हजार लिटर पाणी लागेल. मूठ दाबून उघडल्यावर गोळा टिकावा, हाताला पाणी लागू नये.

प्रश्न : धूळ बसवायला जळकं ऑईल शिंपडलं तर? – तेच वाचक

उत्तर : अजिबात नको. त्यात जड धातू असतात, घोड्याच्या कातडीला ते झोंबतं आणि पावसात मुरून विहिरीपर्यंत जातं. पहाटे पाणी मारून हॅरो, म्हणजे वाळू मोकळी करणारी दात्यांची फणी, फिरवा. टायरचा चुरा मिसळणार असाल तर आधी त्यात चुंबक फिरवा. तारेचा एक तुकडाही खुरात घुसतो.