गाठ दुखत नाहीये, मग दाखवायची कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४१. तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, हरभऱ्याएवढी असेल. अजिबात दुखत नाही. माहेरी कुणाला कॅन्सर नाहीये. जाऊबाई म्हणतात दुखत नाही ना मग राहू दे, सुई टोचली की उगाच पसरतं. थोडं थांबून बघू का?

उत्तर : ताई, थांबू नका, याच आठवड्यात दाखवून या. अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, कुणाची पाण्याची गाठ असते, कुणाची फायब्रोअॅडेनोमा म्हणजे कॅन्सर नसलेली साधी घट्ट गाठ, त्यामुळे आजच रडत बसायचं काही कारण नाही. पण कुठली कसली हे तुमच्या बोटांना कळणार नाही, आणि खरं सांगते, नुसत्या हाताने मलाही खात्रीने कळत नाही.

"दुखत नाहीये" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून तर बायका सहा-सहा महिने अंगावर काढतात, आणि ज्या दुखण्याला घाबरून धावत येतात ते बऱ्याचदा पाळीच्या आधीचं हार्मोन्सचं दुखणं निघतं.

सुईचं म्हणाल तर गाठीतला बारीक तुकडा काढून तपासतात ती बायोप्सी, तिच्यामुळे कॅन्सर अंगभर पसरत नाही. कॅन्सर असलाच तर तो पसरायला वेळ मिळतो तो आपण थांबल्याने. जाऊबाईंना हे नक्की सांगा, त्या तुमच्या काळजीनेच बोलल्या असणार. आधी डॉक्टर हाताने तपासतील, मग तुमच्या वयाला मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सोबत सोनोग्राफी, आणि शंका वाटली तर बायोप्सी.

आणि घरात कुणाला नाही याचा आधार घेऊ नका. आई-वडिलांकडून आलेल्या जीन्समुळे होणारे स्तनाचे कॅन्सर १०० मध्ये ५ ते १० च असतात. जवळपास निम्म्या केसेसमध्ये बाई असणं आणि वय वाढणं याशिवाय दुसरं कुठलंच खास कारण सापडत नाही.

गाठीशिवायही काही गोष्टी बघायच्या असतात. आरशासमोर उभ्या राहा, कातडी कुठे आत ओढल्यासारखी दिसतेय का, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालीय का, निपल आधी बाहेर होतं ते आत गेलंय का, त्यातून आपोआप रक्तासारखं काही येतंय का, त्यावरची खपली किंवा पुरळ मलम लावूनही जात नाहीये का, काखेत काही लागतंय का. एक स्तन अचानक लाल होऊन सुजला आणि अँटिबायोटिक घेऊनही उतरला नाही तर परत जा, तेवढ्यावर गप्प बसू नका.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. आत्याला ३९ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. सगळे म्हणतात वडिलांकडचं धरत नाहीत, आईकडचंच बघायचं. खरंय का?

उत्तर : नाही गं, वडिलांकडचंही तितकंच धरायचं. बीआरसीए १ किंवा २ या जीनमधला दोष आईकडून येऊ शकतो तसाच बाबांकडूनही, आणि ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाकडे किंवा मुलीकडे जायची शक्यता निम्मी असते. असा दोष असलेल्या बायकांमध्ये आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त असते, म्हणून हे हलक्यात घेऊ नकोस. त्या घरात कुणाला ओव्हरीचा कॅन्सर झालाय का, कुणाला दोन्ही बाजूंना झालाय का, तेही विचारून घे. शक्यतो आधी आत्याची जीन टेस्ट होऊ दे, तिच्यात दोष सापडला की तुझ्यात नेमकं काय शोधायचं ते कळतं. घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या जेनेटिक काउन्सेलरला भेट. बाकी दारू, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, वर्षानुवर्षं घेतलेल्या हार्मोन्सच्या गोळ्या यांनी धोका वाढतो. ब्रा किंवा डिओमुळे होतो असं मात्र नाही.

प्रश्न : बाबांच्या निपलमागे कडक गाठ आलीय. ते म्हणतात, पुरुषांना काय होतंय?

उत्तर : होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण १०० पेशंटमध्ये एक पुरुष असतो, आणि त्यांची गाठ बहुतेक निपलच्या मागेच लागते. ते लाजत असतील तर तुम्ही सोबत जा, सर्जनला दाखवा.