उजवा हात ऐक

तुझं पत्र तीनदा वाचलं. चार पानांत सदतीस मेटल (म्हणजे जड, खरखरीत गिटारींचं रॉक) बँडची नावं, प्रत्येकासमोर देश आणि शैली, आणि शेवटी प्रश्न: "यातली आमची शैली कोणती?" माझं मन मात्र तिसऱ्या पानावरच्या एका ओळीत अडकलं. "आमच्या रिदमवाल्याला सोलो जमत नाही, म्हणून दुसरा कोणीतरी बघतोय." रिदमवाला म्हणजे मागे गाण्याची मूळ गिटार धरून ठेवणारा, सोलो म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायचा तुकडा. तू हे जाता जाता लिहून गेलीस. मी त्या ओळीपाशीच थांबलो, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

माझं सांगणं एकच आहे. उजवा हात ऐक. उजवा म्हणजे तार छेडणारा. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, त्यामुळे त्याचा छेडणारा हात डावा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तार दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे १९७१पर्यंत त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. ही गोष्ट सगळे सांगतात आणि डावा-उजवा घोळ घालून तुटलेल्या बोटांवरच थांबतात. पण १९७०चा त्यांचा पहिला अल्बम लाव आणि छेडणाऱ्या हाताकडे कान दे. एक आघात, आणि मग तो हात थांबतो. सूर वाजत राहतो, हात घाई करत नाही. पुढे ज्या संथ, जड मेटलला लोक डूम म्हणू लागले, त्याचा जीव त्या थांबण्यात आहे.

हात का, हे नीट समजून घे. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं, चढवलं की तार हळू छेड नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच येतो. लहरींची शिखरं छाटली जातात. साध्या गिटारवर दाबाच्या कमीजास्तपणातून जो भाव निघतो, तो इथे फारसा उरत नाही. मग वाजवणाऱ्याकडे राहतं काय? सूर नेमका कधी सुरू झाला, किती टिकला आणि कुठे तुटला, एवढंच. हे काम मुख्यतः छेडणाऱ्या हाताचं.

मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड घे. 'मास्टर ऑफ पपेट्स' या गाण्याचा १९८६चा मुख्य रिफ (गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा) मिनिटाला सुमारे २१२ ठोक्यांच्या लयीत आहे आणि तो प्रत्येक आघात वरून खालीच देतो. खालीवर वाजवलं असतं तर मेहनत निम्मी झाली असती, पण मग दर दुसरा आघात किंचित हलका पडला असता आणि आवाजाची ती भिंत उभीच राहिली नसती. तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांवर टेकलेली. दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकली तर आवाज मुका होतो, मागे गेली तर खणखणतो. आता तोच तळहात उचल. तारा मोकळ्या सोड, खालीवर इतक्या वेगाने छेड की सुटे आघात ऐकूच येऊ नयेत आणि सगळा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) थरथरत हवेत टांगून राहावा. झालीस नॉर्वेला दाखल, नव्वदीच्या सुरुवातीच्या मेहेम आणि डार्कथ्रोन या बँडपाशी. (त्या वर्तुळात तेव्हा चर्च जाळली गेली, खून झाले. त्याचं आकर्षण कोणी दाखवलं तर उठून निघून जा.) गिटार तीच आणि डिस्टॉर्शनही आहेच, तळहात तेवढा उचलला.

आणि तू मला देश विचारतेस! "स्वीडिश शैली घ्यावी का?" अगं, कुठलं स्वीडन? स्टॉकहोमच्या एन्टूम्ड आणि डिस्मेंबरने एका स्वस्त पेडलची (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीची) सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून करवतीसारखा आवाज काढला. त्याच देशातल्या गॉथनबर्गच्या अ‍ॅट द गेट्स आणि इन फ्लेम्सने जोडगिटारींच्या सुरेल ओळी धरल्या, ज्यांचं मूळ आयर्न मेडन या ब्रिटिश बँडमध्ये आहे. आणि उत्तरेला उमेओमध्ये मेशुगा. तिथे ड्रमरचा हात झांजेवर चारचा सरळ ठेका धरतो, त्याचे पाय आणि आठ तारांच्या गिटारी वेगळ्याच, विषम लांबीचा तुकडा घोटत राहतात, आणि बऱ्याच आवर्तनांनंतर सगळे एका समेवर येतात. तो एक हात ढळला तर सगळा डोलारा कोसळेल. देश एक आणि शहरं तीन, पण हात? एकाचा दुसऱ्यासारखा नाही.

लोकवाद्य घालावं का, याचं उत्तरही याच वाटेने शोध. ब्राझीलच्या सेपुल्तुरा या बँडने १९९६मध्ये 'रूट्स' हा अल्बम करताना तिथल्या शावांते आदिवासींसोबत वाजवलं. ते चिकटवल्यासारखं वाटत नाही, कारण त्यांची गिटार आधीच तालवाद्य झाली होती. त्यांचा तेव्हाचा गायक-गिटारवादक मॅक्स काव्हालेरा गिटारला चारच तारा लावतो. उंच सुराच्या दोन पातळ तारा त्याला लागतच नाहीत. मंगोलियाच्या हू या बँडचं मोरिन खूर दोन तारांचं, गजाने वाजणारं. तो गज रिफच ओढतो, म्हणून ते मेटल आहे. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीतून निघालेल्या अपोकॅलिप्टिकाने १९९६च्या पहिल्या अल्बममध्ये ना गिटार ठेवली ना ड्रम, फक्त चार चेलो. तरी मेटॅलिकाची गाणी ओळखू येतात. कशामुळे? उजवा हात. तिथे त्यात गज आहे, एवढंच. तुझं वाद्य रिफ वाजवत असेल तर घे. गाण्याच्या सुरुवातीला आठ सेकंद वातावरण करून गप्प बसणार असेल, तर नको.

आता माझं सांगतो. पंचविशीत माझा बँड होता. मी रोज पाच तास डावा हात घासला: स्केल, टॅपिंग, वेग. आमच्याकडेही एक रिदमवाला होता. सोलो येत नसे त्याला. तासन्‌तास एकच रिफ वाजवायचा, मान खाली घालून, आणि मला त्याची कीव यायची. एका संध्याकाळी मी त्याला सांगितलं की आपल्याला "पुढच्या पातळीवर" जायचंय. तो काही बोलला नाही. गिटार पिशवीत घातली, केबल नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि गेला. सहा महिन्यांनी आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. तंत्रज्ञाने बाकी सगळं बंद करून फक्त माझा रिदम ट्रॅक लावला. पहिल्या वीस सेकंदांत मला कळलं की आमचा बँड म्हणजे तो होता.

मी त्याला शोधलं नाही. लोक विचारतात, का नाही? तेव्हा वाटायचं, हात सुधारला की मगच जावं. मी सात वर्षं मेट्रोनोमसमोर बसलो, डिस्टॉर्शन बंद करून, साठच्या लयीपासून. हा पळपुटेपणा होता असं तू म्हणू शकतेस. मी नाही म्हणत. नुसती माफी मागायला जाणं सोपं होतं, आणि ज्याच्याकडून शिकायला हवं होतं त्याच्यासमोर मोकळ्या हाताने उभं राहणं मला पटत नव्हतं. आजही पटत नाही. हात तयार झाला तोवर त्याचा पत्ता मात्र कोणाकडेच राहिला नव्हता.

म्हणून मी हट्टाने तेच तेच सांगतोय आणि तुला कंटाळा आला तरी सांगणार. सदतीस नावांची यादी बाजूला ठेव. त्यातले तीनच बँड निवड आणि महिनाभर प्रत्येकाचा एकच अल्बम ऐक, सोलो आला की तेव्हाही मागची गिटार शोधत. आयर्न मेडन घेतलंस तर स्टीव्ह हॅरिसचा बेस ऐक. एक लांब, दोन आखूड, अशी ती घोडदौड तो पिकशिवाय (तार छेडायच्या चकतीशिवाय), नुसत्या बोटांनी करतो.

आणि या रविवारी त्या मुलाला बोलाव. ड्रम नको, पेडल नको, दोघांच्या गिटारी साध्या आवाजात. तुमचा सगळ्यात अवघड रिफ घ्या आणि वीस मिनिटं न थांबता दोघांनी एकत्र वाजवा. दोन फोनवर रेकॉर्ड कर. एक फोन त्याच्या गिटारपाशी, एक तुझ्या, आणि दोघं जरा लांब बसा. मग एक-एक रेकॉर्डिंग वेगळं ऐक आणि दोन्ही फाइल मला पाठव. तोवर दुसऱ्या कोणाला शब्द देऊ नकोस.