लहान लुथरन मंडळीच्या सेवाकार्याचा आराखडा कसा करावा? आधी किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लग्नानंतर तुम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका लहान गावी आलात, नवऱ्याच्या लुथरन मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, रुळलात आणि आता तिथल्या नियोजन समितीत तुम्हाला घेतलं आहे. रविवारी उपासनेला पन्नासच्या आत माणसं, पाळक अर्धवेळ, इमारत मात्र दोनशे माणसांची. बाकीचे सभासद पाच वर्षांचा आराखडा, ध्येयवाक्य, तक्ते यांवर बोलतात आणि तुम्हाला कुठून हात घालावा ते कळत नाही. शिवाय अशा आराखड्यानं माणसं परत येतात का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी मूळची नगरची. तिथल्या मराठी मंडळीत वाढले, पंचकमिटीच्या बैठका लहानपणी आमच्याच ओसरीवर होत. गेली अकरा वर्षं दक्षिण मिनेसोटातल्या एका लुथरन मंडळीत आहे, त्यातली सहा कौन्सिलवर, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या कमिटीवर. या काळात आम्ही दोन आराखडे केले. पहिला पार फसला, दुसरा बऱ्यापैकी चालला.

पहिला चौतीस पानांचा होता. एकवीस उद्दिष्टं, प्रत्येकापुढे महिना आणि जबाबदारी. जबाबदारीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘सेवाकार्य समिती’ असं लिहिलेलं, आणि त्या समितीत माणसं चार. वर्षभरानं पाहिलं तर दारावरचा फलक तेवढा नवा झाला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्या पानांसाठी लोकांनी कितीतरी संध्याकाळी दिल्या होत्या. मग एकदा मी ती उद्दिष्टं पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की एकवीसच्या एकवीस आमच्या भीतीतून आली होती. तरुण कुटुंबं कशी येतील, अर्पण कसं वाढेल, रिकामे बाक कसे भरतील. शेजाऱ्याला काय हवं आहे, असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

ही भीती खोटी नाही. इथली सर्वात मोठी लुथरन संस्था ई.एल.सी.ए. (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका) १९८८ साली तीन संस्था एकत्र येऊन झाली, तेव्हा तिचे सभासद ५२ लाखांच्या आसपास होते. २०२२ पर्यंत ते ३० लाखांच्या खाली आले. शेतीवरची कुटुंबं कमी झाली, मुलं शिकून शहरांकडे गेली. तुमच्या गावात जे दिसतं आहे ते बहुतेक गावांत घडतं आहे, तेव्हा आपल्या मंडळीचंच काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका. पण भीतीनं केलेलं सेवाकार्य समोरच्याला लगेच कळतं. जेवायला बोलावलेल्या माणसाला आपण पाहुणा आहोत की हजेरीतला आकडा, हे पहिल्या पाच मिनिटांत समजतं.

इथे मला मार्टिन लुथरची, म्हणजे ज्याच्या नावानं आपली मंडळी ओळखली जाते त्या जर्मन धर्मसुधारकाची, शिकवणच सर्वात कामाची वाटते. १५२० च्या ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’ या लेखनात तो सांगतो की तारण कृपेनं मिळतं, कर्मांनी कमवायचं नसतं, म्हणूनच विश्वास ठेवणारा माणूस शेजाऱ्याची सेवा मोकळ्या मनानं करू शकतो. मंडळीलाही हे लागू होतं असं मी मानते. स्वतःला वाचवण्यासाठी सेवा करायची नाही, हे एकदा ठरलं की समितीचा निम्मा गोंधळ मिटतो. आमच्या दुसऱ्या आराखड्याला आम्ही एकच चाळणी लावली: हे कोणत्या शेजाऱ्यानं मागितलं? उत्तरात खऱ्या माणसाचं नाव आलं नाही तर ती ओळ खोडायची.

समितीतल्या तक्तेवाल्या मंडळींना एक जुनी गोष्ट जरूर सांगा. जर्मनीत सॅक्सनीतल्या लाइसनिग गावच्या मंडळीनं १५२३ साली सामाईक पेटीचे, म्हणजे मंडळीच्या एकत्र पैशाचे, नियम केले आणि लुथरनं त्यांना प्रस्तावना लिहिली. दरवर्षी जानेवारीत साऱ्या मंडळीची सभा भरायची, म्हणजे तुमची वार्षिक सभा जेव्हा होते साधारण तेव्हाच. सभेनं दहा विश्वस्त निवडायचे: दोन सरदार घराण्यांतले, दोन नगर परिषदेतले, तीन गावातले सामान्य नागरिक, तीन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पेटीला चार कुलपं आणि चार गटांकडे एकेक किल्ली, म्हणजे एकट्यादुकट्याला ती उघडता येऊ नये. पैसा कशावर खर्च करायचा तेही नेमकं लिहिलेलं: पाळक, मुलांची शाळा, मुलींची शाळा, म्हातारे आणि अपंग, अनाथ, घरात अडकलेले गरीब, इमारतींची दुरुस्ती, टंचाईसाठी धान्यसाठा. आणि बाहेरून गावात पोट भरायला आलेल्या नव्या लोकांना उभं राहायला मदत. पाचशे वर्षांपूर्वीची यादी आहे ही, पण तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम तुमच्या गावात आजही दाखवता येईल.

तरी ते सुरळीत चाललं नाही. जुन्या देणग्यांचा ताबा असलेली नगर परिषद त्या पेटीत टाकायला तयार होईना, आणि लुथरला संस्थानाधिपतीला पत्र लिहून मध्ये पडावं लागलं. कागद उत्तम होता, पण ज्यांच्या हातात पैसा होता त्यांचं मन त्यात नव्हतं.

आमच्याकडे ती किल्ली स्वयंपाकघराची होती, अगदी खरीखुरी. तळघरातलं स्वयंपाकघर एक ऐंशीच्या पुढच्या बाई सांभाळत. अंत्यविधीनंतरचं जेवण, म्हणजे हॅमचे पाव, बटाट्याचं हॉटडिश आणि कॉफी, चाळीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. पहिल्या आराखड्यात आम्ही ‘स्वयंपाकघर समाजासाठी खुले करणे’ असं लिहून मोकळे झालो, त्यांना विचारलंच नाही. साहजिकच ते कधी खुलं झालं नाही. दुसऱ्या वेळी मी आणि पाळकबाई त्यांच्या घरी गेलो आणि दोन तास नुसतं ऐकलं. त्यांची काळजी अगदी व्यवहाराची होती: मोठी पातेली परत जागेवर जात नाहीत, गॅस चालू राहतो, आणि नंतर पाठ मोडेपर्यंत त्यांनाच साफसफाई करावी लागते. आम्ही दोन माणसं नेमून दिली. आठवड्यानं त्यांनी स्वतः दुसरी किल्ली करून आणली. म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला हा की तक्ता उघडण्याआधी अशा सहा-सात माणसांची नावं काढा आणि एकेकाच्या घरी जा. इमारतीची देखभाल करणारे, खजिनदार, ऑर्गन वाजवणारे, ज्यांच्या आजोबांनी जमीन दिली ते कुटुंब. नव्या सुनेनं विचारलं की जुनी माणसं बोलती होतात, हा तुमचा मोठा फायदा आहे.

मग गावाकडे वळा. जनगणना खात्याची आकडेवारी फुकट मिळते आणि दर दहा वर्षांच्या गणनेखेरीज त्यांचं दरवर्षीचं नमुना सर्वेक्षणही असतं. त्यातून गावात किती म्हातारी माणसं एकटी राहतात, घरात कोणत्या भाषा बोलल्या जातात, किती घरांत मोटार नाही, हे कळतं. एका संध्याकाळचं काम आहे. त्यावर महिनाभर बसू नका, कारण खरी माहिती माणसांकडे असते.

आम्ही पंधरा जणांना भेटलो. सगळ्यांना प्रश्न तीनच: इथे राहणं कशामुळे कठीण होतं, कोण आधीच मदत करतं आहे, आणि आमच्यासारख्यांनी काय करू नये? तिसऱ्या प्रश्नानं आमचं सर्वात जास्त भलं केलं. आम्हाला शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण द्यायचं होतं. शाळेच्या समाजसेविकेनं शांतपणे सांगितलं की २०२३ च्या कायद्यानं मिनेसोटातल्या शाळांत न्याहारी आणि दुपारचं जेवण सर्व मुलांना मोफत झालं आहे. अडचण शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ ही आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची. मग आमचं काम बदललं. शुक्रवारी दप्तरात मावेल एवढी शिध्याची पिशवी, कुणाचं नाव न पुकारता, शाळेच्याच हातून. इंग्रजीच्या वर्गाचंही तसंच झालं. मांसाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी आम्ही तो संध्याकाळी ठेवला होता आणि कोणी फिरकत नव्हतं, कारण दुसरी पाळी नेमकी त्या वेळात असते. एका सोमाली आईनं सकाळी दहा सुचवलं, मुलं शाळेत गेल्यावर. शिवाय लहानग्यांना सांभाळायला कोणीतरी हवं म्हणाली. वर्ग भरला.

गावात आधी काय चालू आहे ते न बघता काही नवं सुरू करू नका. लुथरन सोशल सर्व्हिस ऑफ मिनेसोटा ही आज राज्यभर पसरलेली संस्था १८६५ साली वासा गावच्या चर्चच्या तळघरात सुरू झाली, जेव्हा पाळक एरिक नोरेलियस यांनी चार अनाथ मुलांना आसरा दिला. आज वृद्धांच्या जेवणापासून कर्जाच्या सल्ल्यापर्यंत त्यांची बरीच कामं आहेत. तुमच्या तालुक्यात त्यांचा माणूस असेल तर त्याला फोन करा. त्यांना जागा किंवा गाडी चालवणारे हात हवे असतात आणि तुमच्याकडे निदान जागा तरी आहे.

हातांचं म्हणाल तर ते मोजा, अगदी प्रामाणिकपणे. आम्ही प्रत्येक सभासदाला विचारलं की आठवड्याला खरोखर किती तास देता येतील, आणि शून्य हे उत्तरही चालेल असं आधीच सांगितलं. बेरीज आली तेव्हा एकवीस उद्दिष्टांचं वेड आपोआप गेलं. दोनच कामं निवडली आणि मुदत पाच वर्षांऐवजी दोन वर्षांची ठेवली. अर्धवेळ पाळक असलेल्या मंडळीला पाच वर्षांचं दिसत नाही. मध्येच पाळक बदलले तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि जे आधीच जिवंत आहे ते आराखड्यातून गाळू नका. आमच्याकडे दर मंगळवारी आठ-नऊ बायका गोधड्या करतात. ६० बाय ८० इंचांच्या या क्विल्ट लुथरन वर्ल्ड रिलीफमार्फत परदेशातल्या निर्वासितांना आणि आपत्तीग्रस्तांना जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, ती संस्था सुरू झाली. या गटाचं सरासरी वय सत्त्याहत्तर, म्हणून पहिल्या आराखड्यात त्याचा उल्लेखही नव्हता. मी मात्र या मंडळीत रुजले ती तिथेच. आमच्या नगरकडे गोधडीला धावदोरा घालतात, या बायका लोकरीच्या दोऱ्यानं ठिकठिकाणी गाठी मारतात. माझे टाके बघून त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि त्या दिवसापासून मी परकी राहिले नाही. आता इंग्रजीच्या वर्गातल्या दोघी-तिघी वर्ग सुटल्यावर त्यांच्या टेबलाशी थांबतात. याचं नियोजन कोणी केलं नव्हतं, आम्ही फक्त दोन्हींची वेळ जुळवली.

नवं घ्यायचं तर काही सोडावं लागतं, आणि हे सर्वात दुखरं. आमच्या शरदातल्या लुटेफिस्कच्या जेवणावळीला साठ माणसं राबावी लागत. क्षाराच्या पाण्यात भिजवून उकडलेला तो मासा नॉर्वेहून आलेल्या पणजोबांची आठवण आहे, त्याच्या टेबलावर लोकांची लग्नं जुळली आहेत. आम्ही ती जेवणावळ थांबवली, पण ठराव करून गुपचूप नाही. शेवटचं जेवण मोठं केलं, त्या रविवारी उपासनेत राबलेल्यांची नावं घेऊन देवाचे आभार मानले, आणि रडणाऱ्यांना रडू दिलं. तुम्हीही काही बंद करणार असाल तर त्याला नीट निरोप द्या.

व्यवहाराचं थोडक्यात. जागा बाहेरच्यांना देण्याआधी विमा कंपनीला कळवा. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासून घ्या, यात ओळखीपाळखीची सूट देऊ नका. सरकारी पैशावर किंवा धान्यावर चालणारं काम असेल तर मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बसायची अट घालता येत नाही, आणि घालू नयेच. सुरुवातीच्या खर्चासाठी थ्राइव्हंट या ख्रिस्ती विमा-गुंतवणूक संस्थेचे सभासद मंडळीत आहेत का विचारा. त्यांना एखाद्या सेवाकामाला थोडी रक्कम मिळू शकते, पिशव्यांची पहिली खेप त्यात निघते. अंदाजपत्रक मात्र वार्षिक सभेतच मंजूर करून घ्या, नाहीतर पुढच्या कौन्सिलला ते आपलं वाटत नाही. तुमची मंडळी ई.एल.सी.ए. ची असेल तर सिनडच्या, आणि मिझुरी सिनड या दुसऱ्या लुथरन संस्थेची असेल तर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे विभागीय कार्यालयात एक फोन करा. असं नियोजन पूर्वी केलेल्या शेजारच्या मंडळ्यांची ओळख ते करून देतात.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ समितीत वाचून घ्या. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही, मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं, आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेतली नावं. आमच्या शिध्याच्या पिशव्यांच्या गटात आज दोन माणसं आमच्या मंडळीची नाहीत, एक तर ख्रिस्तीही नाही. पिशवीत काय ठेवायचं ते तेच ठरवतात.

माणसं परत येतात का? आराखडा सुरू झाला तेव्हा रविवारी आम्ही बावन्न होतो, आज एकोणपन्नास आहोत. त्या दोन वर्षांत सहा जणांना माती दिली, त्यांत किल्लीवाल्या बाईही गेल्या. एक कुटुंब नव्यानं आलं. बाईंच्या अंत्यविधीनंतर तळघरात जेवण होतं. पावांवर लोणी लावायला आणि कॉफी ओतायला इंग्रजीच्या वर्गातल्या चौघी आल्या होत्या, आणि मोठी पातेली त्यांनीच घासून जागेवर ठेवली.